राउटरची प्लेट

लाकडाला खांचा पाडणारें राउटर हें यंत्र एरवीं हातांत धरून चालवितात. तेंच टेबलाखालीं उलटें टांगलें, म्हणजे यंत्र स्थिर राहतें आणि फळी बिटावरून सरकवितां येते. या टांगण्याचा सगळा भार एका प्लेटवर असतो.

तयार प्लेट मिळते. पण तिचीं भोकें आपल्या यंत्राशीं जुळतीलच असें नाहीं. म्हणून मीं प्रथम ६ मिलिमीटर जाडीचें ॲक्रिलिक घेतलें. दिसावयास देखणें, कापावयास सोपें! चार किलोंचें यंत्र महिनाभर लटकलें आणि प्लेट मध्यें खचून कडेला उचलली गेली. पोस्टकार्डाच्या जाडीएवढेंच तें उचलणें. परंतु मुलीच्या टेबलाच्या खणाची फळी ढकलतांना ती त्या कडेला अडली, हात घसरला आणि बिटापासून दोन बोटांवर थांबला. त्या रात्रीं मला जेवण गेलें नाहीं.

दुसरी प्लेट तेवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियमची केली. विजेची पिन काढून यंत्राचा मूळचा प्लास्टिकचा तळ सोडवावा. तोच आपला नमुना. त्याची यंत्राकडील बाजू प्लेटच्या वरच्या अंगावर दुहेरी चिकटपट्टीनें बसवावी. तळ पालथा पडला, तर भोकें आरशांतल्यासारखीं उलटतात, आणि धातू फुकट जातो. भोकाएवढ्याच जाडीचें ड्रिल हातानें फिरवून मध्य उमटवावा, पंच मारावा, मग भोक पाडावें. ॲल्युमिनियम ड्रिलला चिकटतें, म्हणून रॉकेलचा थेंब सोडावा. शहरांत तें आतां दुर्मिळ, तेव्हां पातळ तेलही चालेल. स्क्रूंचीं डोकीं पृष्ठभागाखालीं दडलींच पाहिजेत. जुने स्क्रू बहुधा आंखूड पडतात. नवे घेतांना एक जुना बरोबर न्यावा, म्हणजे आटे चुकत नाहींत. मधलें भोक सर्वांत मोठ्या बिटाहून थोडेंच मोठें ठेवावें.

टेबलाच्या तोंडांत चोहोंकडे बारा मिलिमीटरांची पायरी सोडावी, ती प्लेटच्या जाडीहून किंचित् खोल. कोपऱ्यांत लहान स्क्रू बसवून प्लेट वरखालीं करतां येते. लोखंडी पट्टी आडवी-तिरपी ठेवून पाहावें आणि शेवटीं सांध्यावरून नख फिरवावें. तें अडतां कामा नये. पट्टीला न दिसणारें नखाला कळतें.

खण त्याच आठवड्यांत पुरा झाला. त्याची एक बाजू मात्र दुसऱ्या रंगाच्या लाकडाची आहे.