मुंगीचे मोजमाप



माझे आयुष्य कापड मोजण्यात गेले. म्हणूनच आज एका मोजणाऱ्या जीवाविषयी बोलावेसे वाटते. ट्युनिशियातील ओसाड क्षारमैदानांत एक मुंगी राहते. तेथे झाड नाही, खडक नाही. उन्हाने मेलेले कीटक वेचत ती एकटीच वळणावळणाने दूर जाते आणि घास मिळताच सरळ रेषेत वारुळाकडे परतते. दिशा तिला आकाशातील प्रकाशावरून कळते. आणि अंतर? ती पावले मोजते!

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, वारुळापासून १० मीटर चालून आलेल्या मुंग्यांपैकी काहींचे पाय राठ केस चिकटवून लांब केले, काहींचे छाटून आखूड केले. लांब पायांच्या मुंग्या घर ओलांडून सुमारे १५ मीटरपर्यंत गेल्या. आखूड पायांच्या ६ मीटरच्या आतच वारूळ शोधू लागल्या. पावलांचा हिशेब बरोबर, गज मात्र बदललेला! ज्ञान मोलाचे खरे. पण त्यासाठी पाय छाटले गेले, हे वाचून मन खिन्न झाले.

याउलट आफ्रिकेच्या अरण्यातील एक मुंगी डोक्यावरील पर्णछताची नक्षी पाहून वाट ओळखते. जसा परिसर, तशी जाण. क्षारमैदानाच्या मध्यभागी, जिथे नजरेला काहीच खूण नसते, तिथे मुंग्या वारुळावर मातीचा उंच ढीग रचतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात संशोधकांनी ते ढीग काढून शेजारी काळे नळकांडे उभे केले, तेव्हा बहुतेक वारुळांतील मुंग्यांनी ढीग पुन्हा रचलाच नाही. खूण मिळाली, मग कष्ट कशाला? व्यापाऱ्याला हे तत्काळ पटावे!

परंतु मला अस्वस्थ केले ते निराळ्याच गोष्टीने. परतीला निघालेल्या या मुंगीला उचलून दूर ठेवले, तर ती ठरलेल्या दिशेने ठरलेले अंतर चालते आणि जिथे घर नाही तिथे घर शोधत घिरट्या घालते. आपणही जीवदयेपोटी गुळाच्या डब्याला लागलेल्या मुंग्या दूर बागेत नेऊन सोडतो. हेतू निर्मळच असतो. पण आपल्या घरांतील बहुतेक मुंग्या वासाच्या माग्यावरून चालतात आणि बागेत तो माग नसतो. त्यापेक्षा झाकण उघडून डबा त्यांच्या रांगेशेजारीच कलता ठेवावा, गूळ काढून घ्यावा आणि तासभर तिकडे फिरकू नये. रांग आपली आपण भिंतीच्या फटीकडे परत जाते.