आजीचा कोनाडा



धम्मावर प्रवचन देण्याचा अधिकार भन्तेंचा आहे, माझा नव्हे. मी आज आपणांपुढे माझ्या आजीविषयी चार शब्द बोलणार आहे. त्याचे कारण असे की, जो प्रश्न आपणांपैकी पुष्कळांच्या मनात आज आहे, तोच साठ वर्षांपूर्वी आमच्या घरात उभा राहिला होता. दीक्षा तर घेतली. आता सरकारी कागदावर काय लिहावयाचे?

माझी आजी नागपूरजवळच्या कामठीची. तिचे जन्मसाल कोणी लिहून ठेवले नव्हते. आजोबा लवकर गेले आणि दोन मुलांचा भार तिच्यावर पडला. तो तिने बिड्या वळून वाहिला. पहाटे तेंदूची पाने भिजवावयाची, कात्रीने कापावयाची, आणि सूप मांडीवर घेऊन दिवस मावळेपर्यंत बिड्या वळावयाच्या, असा तिचा नेम होता. तिला अक्षरओळख नव्हती. पण कट्टे मोजण्यात ती कधी चुकली नाही. ठेकेदाराचा माणूस मूठभर बिड्या वाईट म्हणून बाजूला काढी. त्यांची मजुरी देत नसे आणि बिड्याही परत करीत नसे. त्या वेळी ती त्याच्यासमोर उभी राहून आकडा मोठ्याने सांगे. हे धैर्य तिला कोठून आले? बाबू हरदास एल. एन. यांनी कामठीत बिडी मजुरांची संघटना बांधली होती. १९३९ साली ते ऐन तारुण्यात निवर्तले. पण त्यांची भाषणे आजीने ऐकली होती, आणि 'जय भीम' हा शब्द तिने आमच्या वस्तीतच प्रथम ऐकला.

मला ती तंबाखूला हात लावू देत नसे. "तुझी बोटं पाटीसाठी आहेत," असे म्हणून ती मला दूर बसवी आणि पदराच्या गाठीतला गुळाचा खडा काढून देई. त्या गुळाला तंबाखूचा वास येई. आजही गूळ तोंडात टाकला की मला तो वास आठवतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी ती आणि वस्तीतल्या बायका पायी नागपूरला गेल्या. मजुरीतले पैसे वाचवून घेतलेले पांढरे लुगडे तिच्या अंगावर होते. बाबासाहेबांच्या मागोमाग तिने त्रिशरण, पंचशील आणि २२ प्रतिज्ञा उच्चारल्या. पाली शब्द तिच्या जिभेवर कधीच नीट बसले नाहीत. चुकली की ती स्वतःच हसे. परंतु प्रतिज्ञा मराठीत होत्या, आणि त्यांचा अर्थ तिला पुरता कळला होता. घरी येताच तिने भिंतीतल्या कोनाड्यातले देव काढले आणि कन्हान नदीत सोडले. पुढे दोन महिनेही झाले नाहीत तोच, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या निर्वाणाची वार्ता आली. तीन दिवस आमच्या घरात चूल पेटली नाही. चौथ्या दिवशी तिने रिकामा कोनाडा सारवला आणि त्यात मुलांचे शाळेचे दाखले ठेवले.

१९६१ च्या जनगणनेचा माणूस आमच्या दारी आला. त्याने न विचारताच धर्माच्या जागी 'हिंदू' लिहावयास घेतले. आजीने त्याचा हात थांबविला आणि 'बौद्ध' असे लिहवून घेतले. १९५१ साली या देशात बौद्धांची संख्या १ लाख ८० हजारांच्या आसपास होती. १९६१ साली ती ३२ लाखांवर गेली, आणि त्यांपैकी सुमारे २८ लाख महाराष्ट्रातले होते. त्या आकड्यात माझ्या आजीचा एक आकडा आहे.

आता जी गोष्ट सांगणे मला जड जाते, ती सांगतो. माझे काका १९६२ साली मॅट्रिक झाले. महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या होत्या. पण केंद्र सरकारच्या १९५० च्या आदेशान्वये बौद्ध हा अनुसूचित जातीचा मानला जात नव्हता. केंद्राच्या एका खात्यात राखीव जागा निघाली. काकांचा दाखला दीक्षेपूर्वीचा होता व त्यावर 'हिंदू महार' असे नोंदलेले होते. वस्तीतल्या जाणत्यांनी सल्ला दिला, "घरी बौद्ध राहा, अर्जात हिंदू लिहा." काकांनी कोनाड्यातला दाखला मागितला.

आजी म्हणाली, "दाखला तुझा हाय, घेऊन जा. मी अडवत नाही. पन मी नागपुरात जे बोलली ते खोटं होतं, असं मला म्हनायला लावू नको."

काका तीन दिवस जेवावयासही नीट बसले नाहीत. अर्ज त्यांनी पाठविला नाही. पुढली सारी वर्षे त्यांनी एका गोदामात कारकुनी केली. आजीशी ते कधी कठोर बोलले नाहीत. परंतु त्या विषयावर दोघांनीही पुन्हा तोंड उघडले नाही. १९७४ साली ती अंथरुणास खिळली. एका रात्री मी तिच्या उशाशी असताना तिने मला विचारले, "त्या पोराचं मी नुकसान केलं का रे?" मला उत्तर देता आले नाही. थोड्याच दिवसांत ती गेली.

१९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि बौद्धांनाही अनुसूचित जातींचे हक्क केंद्रात लागू झाले. ती बातमी वाचून काका एवढेच म्हणाले, "कायदा आला, माझे वय गेले."

बंधु-भगिनींनो, आजीने जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर आज मी देऊ इच्छितो. काकांचे नुकसान झाले, हे खरे आहे आणि ते झाकू नये. पण ते आजीने केले नाही. धर्म आणि भाकर यांपैकी एकच निवडा, असे माणसाला सांगणाऱ्या कायद्याने ते केले. जातीचा जाच धर्म बदलल्याने एका रात्रीत संपत नाही, हे ओळखावयास त्या कायद्याला चौतीस वर्षे लागली.

आपणांवर ती पाळी नाही. मूळ अनुसूचित जातीच्या माणसाने धर्म बौद्ध लिहिला म्हणून त्याचा हक्क आज जात नाही. तेव्हा भीतीपोटी खोटे लिहू नका. वाडवडिलांचे दाखले, जुन्या नोंदी जपून ठेवा. मूळ जात सिद्ध करावयास त्यांची गरज लागते. आणि शाळेत, जनगणनेत कोणी विचारले तर 'बौद्ध' असे स्पष्ट सांगा. ज्यांनी हे सांगण्याची किंमत मोजली, ती माणसे आपल्याच घरांतली होती.

आमच्या घराची ती भिंत आता राहिली नाही. दाखले मात्र माझ्याजवळ आहेत, आणि त्यांत काकांचाही आहे.

जय भीम.