देश, काल, पात्र आणि रायफल
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेसाठी आम्हांस निमंत्रण आले तेव्हा विषय आम्हीच निवडावा, अशी सवलतही मिळाली. ‘नव्या देशात गेलेल्या माणसाने शिकारीची रायफल कशी निवडावी’ हा विषय आम्ही कळविला. चिटणीसांनी आमचे पत्र दोनदा वाचले, असे ऐकतो. गणेशोत्सव, नाट्यप्रयोग आणि हळदीकुंकू यांत रमलेल्या मंडळात बंदुकीचे काय काम, असा प्रश्न आपल्याही मनात आला असेल. त्याचे उत्तर सरळ आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले आज परदेशी स्थायिक आहेत. त्यांतील काही अशा देशांत आहेत, की जेथे शेजारी जितक्या सहजपणे चहाला बोलावतो, तितक्याच सहजपणे ‘या शनिवारी हरणाच्या शिकारीला चला’ म्हणतो. आमची कन्या व जावई न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर दुग्धव्यवसायाच्या प्रदेशात राहतात. जावयांना असे निमंत्रण आले, त्यांनी रायफल घेण्याचा मानस फोनवर बोलून दाखविला, आणि आमच्या घरी वादाला तोंड फुटले. पुढे आम्ही उभयता तेथे काही महिने राहून आलो. त्या निमित्ताने जे वाचले, पाहिले आणि ऐकले, त्याचे सार आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

आमचा अधिकार किती, तेही सांगितले पाहिजे. महाविद्यालयात असताना एन.सी.सी.च्या .२२ रायफलीने आम्ही कागदी लक्ष्यावर गोळ्या झाडल्या. जिवंत प्राण्यावर कधी नेम धरला नाही, आणि पुढेही धरणार नाही. तेव्हा हे शिकाऱ्याचे अनुभवकथन नव्हे. एका सासऱ्याने केलेली चौकशी आहे.

दान देताना देश, काल आणि पात्र पाहावे, अशी आपल्याकडे जुनी शिकवण आहे. रायफल घेतानाही याच तीन गोष्टी याच क्रमाने पाहिल्या, तर निवड आपोआप होते, असे आमचे मत झाले आहे.

प्रथम देशाचा विचार करू. आमच्या सौभाग्यवतींचा पहिला आक्षेप असा होता, की ‘जे इथे पाप, ते तिथे पुण्य कसे होईल?’ आक्षेप वजनदार आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचा प्रश्न जवळजवळ निकालात काढला. परंतु न्यूझीलंडची भूमी निराळी आहे. वटवाघळे सोडली तर तेथे जमिनीवर वावरणारा एकही मूळचा सस्तन प्राणी नव्हता. तेथील अरण्ये पक्ष्यांच्या सोबतीने वाढली. पाला आणि रोपे खुडणाऱ्या हरणांची त्यांना सवय नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून गोऱ्या वसाहतवाल्यांनी हौसेने हरणे आणून सोडली. त्यांना खाणारा वाघ, बिबट्या किंवा कोल्हा तेथे नसल्याने ती बेसुमार वाढली, कोवळी झाडे नाहीशी होऊ लागली आणि डोंगरउतार उघडे पडू लागले. अखेर १९३० मध्ये हरणांचे कायदेशीर संरक्षण काढून घेऊन सरकारने पगारी शिकारी नेमले.

यातील दोन प्राणी आपल्या ओळखीचे आहेत. १८७० च्या दशकात सिलोनहून नेलेले सांबर आजही उत्तर बेटावर आहे. आपल्या हिमालयातला ताहर, म्हणजे कड्यांवर वावरणारा दाट आयाळीचा रानबोकड, १९०४ मध्ये इंग्लंडमधील एका सरदाराच्या कळपातून तेथे गेला आणि दक्षिण बेटाच्या बर्फाळ डोंगरांत असा फोफावला, की १९९३ च्या सरकारी योजनेत त्याची संख्या दहा हजारांवर जाऊ देऊ नये असे ठरविण्यात आले. ज्या ताहरासाठी येथे आपण राखीव अरण्ये राखतो, त्याचीच तेथे छाटणी होते. प्राणी तोच, भूमी दुसरी. वाघ जे काम येथे करतो ते तेथे माणसाच्या गळ्यात आले आहे. हे कळल्यावर सौभाग्यवतींचा आक्षेप मावळला असे नाही. ‘मारावेच लागत असेल, तर तडफडवू नये,’ एवढ्यावर तो येऊन थांबला. आमच्या मते कॅलिबरच्या साऱ्या चर्चेचे मर्म या एका वाक्यात आहे.

देशाबरोबर देशाचा कायदा येतो, आणि कोणते कॅलिबर घ्यावे हे पुष्कळदा शिकाऱ्याआधी कायदाच ठरवितो. याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, लष्करी काडतुसे बंडखोरांच्या उपयोगी पडू नयेत म्हणून, ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरच्या रायफली आणण्यास मनाई केली. त्याबरोबर इंग्लंडच्या कारागिरांनी .४६५ आणि .४७० अशी नवी मापे काढली. वाघ तेच, हत्ती तेच. बदलला तो केवळ नियम. आजही ईशापूरच्या कारखान्याचे नाव ज्या .३१५ रायफलीशी जोडलेले आहे, ती आपल्या लोकांच्या परिचयाची झाली याचे कारण, लष्करी .३०३ ही नागरिकांना निषिद्ध बोअर आहे. उलट न्यूझीलंडमध्ये सरकारच्या पगारी शिकाऱ्यांनी हीच थ्री-नॉट-थ्री खांद्यावर घेऊन डोंगर पालथे घातले.

तेथील परवान्याची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. परवाना मुख्यतः माणसाला मिळतो. त्यासाठी सुरक्षिततेचा अभ्यास करून परीक्षा द्यावी लागते, ओळखीच्या माणसांचे दाखले लागतात, घरातील कुलूपबंद जागा तपासली जाते, आणि पती वा पत्नीचीही मुलाखत होते. (हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींचे त्या सरकारविषयी फार चांगले मत झाले.) १५ मार्च २०१९ रोजी ख्राइस्टचर्च येथील मशिदींत एका माथेफिरूने ५१ जणांचे प्राण घेतले. त्यानंतर महिन्याभरातच बहुतेक अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आली, आणि २०२३ पासून शस्त्रांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. नव्याने गेलेल्या माणसाने हे ओझे मानू नये. परक्या भूमीत शस्त्र बाळगावयाचे, तर तेथील समाजाची जखम ठाऊक असली पाहिजे. एका प्रश्नाचा निकालही यातून लागतो: रायफल हाताने बोल्ट ओढून एकेक काडतूस चढविण्याची घ्यावी. ती टिकाऊ, अचूक आणि समजण्यास सोपी असते.

आता कालाचा, म्हणजे ऋतू आणि हवामानाचा विचार. तांबड्या हरणांचे नर मार्चअखेरीस व एप्रिलमध्ये डरकाळ्या फोडतात; शिकाऱ्यांची खरी गर्दी तेव्हाच. दक्षिण बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर वर्षाला सहा मीटरांहून अधिक पाऊस पडतो. आंबोलीचा पाऊस पाहिलेल्यास त्याची कल्पना येईल. अशा हवेत अक्रोडी लाकडाचा देखणा दस्ता फुगतो आणि पोलादी नळी गंजते. म्हणून न गंजणाऱ्या पोलादाची नळी आणि कृत्रिम द्रव्याचा दस्ता ही तेथील रीत आहे. ती डोळ्यांना सुखावत नाही, पण काम देते. नळीच्या तोंडाशी आवाज कमी करणारी नळकांडी लावण्याचीही पद्धत आहे. आपल्याला ते चित्रपटांतील खुन्याचे हत्यार वाटते. तेथे ते कानांचे रक्षण आणि शेजारधर्म समजले जाते.

आता पात्र. येथे दोन पात्रे आहेत: एक समोरचे जनावर आणि दुसरे मागे उभा असलेला माणूस.

कॅलिबर म्हणजे ढोबळपणे गोळीची जाडी. .३०८ म्हणजे इंचाचे तीनशे आठ सहस्रांश, सुमारे ७.८ मिलिमीटर. परंतु या नावांवर फार विसंबू नये; .२७० ची गोळी प्रत्यक्षात .२७७ इंचांची असते. जाडीइतकेच गोळीचे वजन, वेग आणि तिची घडण महत्त्वाची. रानबोकडांना आणि लहान हरणांना .२२३ पुरते. मध्यम हरणांना १९५५ साली आलेले .२४३ चांगले, आणि त्याचा धक्काही सौम्य. तांबडे हरीण, ताहर आणि दोनशे किलोंपलीकडे जाणारा सांबराचा नर हे सारे एकाच रायफलीने साधावयाचे असतील, तर १९२५ चे .२७०, १९५२ चे .३०८, किंवा त्याच कुळातले सात मिलिमीटरचे धाकटे भावंड यांपैकी एक घ्यावे. .३०८ चे सुमारे दहा ग्रॅम वजनाची गोळी फेकणारे काडतूस लहान गावच्या दुकानातही सहसा मिळते, आणि नवख्याला हे सर्वांत सोयीचे. दोनशे मीटरवर नेम बांधला, तर तीनशे मीटरवर ही गोळी सुमारे वीतभर खाली जाते. घनदाट रानात हरीण शंभर मीटरच्या आतच दिसते. उघड्या डोंगरावर ते पलीकडच्या सोंडेवर असते. नवख्याने पलीकडच्या सोंडेचा मोह धरू नये.

दुसरे पात्र अधिक अवघड. दुकानात उभा असलेला नवा माणूस आपले सामर्थ्य मापाने मोजतो. गोळी जितकी मोठी तितकी खात्री, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात जबर धक्क्याची रायफल त्याला चाप ओढताना डोळे मिटायला शिकविते, आणि जनावर जखमी होऊन रानात जाते. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना जी रायफल भेट मिळाली, ती .२७५ ची, हलकी आणि नेमकी होती. त्यांच्याकडे मोठी दुनळी रायफलही होती. पण डोंगर पायी तुडविणाऱ्या त्या माणसाने ही हलकी रायफल पुढे कित्येक वर्षे जवळ केली. खांद्याला नेमकी बसणारी आणि दिवसभर वाहता येईल अशी रायफल घ्यावी. दुर्बिणीच्या खर्चात काटकसर करू नये, आणि उरलेला पैसा काडतुसांवर व सरावावर घालावा.

आमच्या जावयांनी काय केले, ते सांगतो. परवानाधारक माणूस शेजारी उभा राहून देखरेख करीत असेल, तर बिनपरवाना माणसालाही त्या देशात रायफल चालविता येते. त्याचा फायदा घेऊन त्यांनी पहिला हंगाम शेजाऱ्याबरोबर नुसता चालण्यात आणि चांदमारीवर घालविला. शेजाऱ्याची .२४३ आणि .३०८ दोन्ही हाताळून पाहिल्या. मग परीक्षा, मुलाखत, आणि शेवटी .३०८. सरकारी रानात जाण्यासाठी संवर्धन खात्याचे परवानगीपत्र लागते. त्याला शुल्क पडत नाही. पहिले हरीण मिळाले तेव्हा त्यांनी मांस शेजाऱ्यांत वाटले. आमच्या कन्येने ते शिजविले नाही, आणि त्यांनी आग्रहही धरला नाही. एका घरात दोन मते नांदू शकतात, हे आम्हांस त्या रायफलीपेक्षाही अधिक आवडले.

एक गोष्ट मात्र कोणत्याही मापाच्या रायफलीला लागू आहे. तेथील सुरक्षिततेच्या सात नियमांत एक नियम असा, की लक्ष्य कोणते आहे याविषयी तिळमात्र शंका उरता कामा नये. झुडपात हालचाल दिसली आणि हरीण समजून सोबतच्या शिकाऱ्यावरच गोळी झाडली, अशा दुःखद घटना त्या देशात घडल्या आहेत. प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असे समजावे, नळीचे तोंड सुरक्षित दिशेला असावे, काडतुसे आणि रायफल वेगवेगळी कुलूपबंद ठेवावीत, आणि मद्य घेऊन शस्त्राला हात लावू नये. नातवंडे घरात असताना यातील एकही नियम सैल करता येत नाही.

तेव्हा आपल्या मुलांनी ‘कोणती रायफल घेऊ?’ असे विचारले, तर गोळीचे माप सांगण्याआधी आपण उलट विचारावे: तेथील रानाची गरज काय आहे? कायदा काय म्हणतो? घरातील माणसांना हे मान्य आहे का? आणि नेम नक्की नसेल तेव्हा चाप न ओढता रिकाम्या हाताने परत येण्याची तुझी तयारी आहे का? या चार प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याला दुकानदारही फसवू शकणार नाही.