फिट थांबली, पुढे काय?



गावोगावहून अपस्माराचे रुग्ण, त्यांचे घरचे आणि डॉक्टर मंडळी आज मिरजेत जमली आहेत. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथं रुग्णालय उभारलं. तेव्हापासून कोकणातली, कर्नाटकातली आजारी माणसं इथं येत आली. दुखणाईताला या गावानं कधी परकं मानलं नाही. तरीही फेफरं येणारा माणूस आमच्याही गल्लीत आजार लपवूनच राहतो.

मी डॉक्टर नाही, कुपवाडला कारखाना चालवतो. डॉक्टरांकडे माझं एक मागणं आहे. महिन्यात फिट किती आल्या, हे तुम्ही विचारताच. झोप लागते का, जीव नकोसा होतो का, हेही विचारा. अपस्मार असलेल्या साधारण चौघांपैकी एकाला नैराश्य गाठतं. ते सगळं लोकांच्या बोलण्यानंच येतं असं नाही. मेंदूचे जे भाग भावना सांभाळतात, तिथूनच पुष्कळदा फिट उठते. फिटवरच्या लेव्हेटिरासेटमसारख्या गोळीनं काहींची चिडचिड वाढते. घरचे म्हणतात, स्वभाव बिघडला. नैराश्य ओळखायला सहा प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे. ती केसपेपरला जोडलीत तरी खूप होईल.

मुलींचं दुःख वेगळंच. लग्न ठरवताना आजार सांगायचा नाही, असं घरात ठरतं. मग सासरी गोळ्या साडीच्या घडीत लपतात, चुकतात, आणि चुकल्या की फिट येते. आई होण्याची इच्छा असेल तर काही औषधं आधीच बदलावी लागतात. पण जिनं आजारच सांगितला नाही, ती डॉक्टरकडे जाणार कशी? हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा अडसर १९९९ साली निघाला. सोयरीक जुळवणाऱ्यांच्या मनातून तो अजून निघालेला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कारखानदार मित्रांनो, उंचावरचं किंवा उघड्या यंत्रावरचं काम फिट येणाऱ्या माणसाला देऊ नये, हे खरं. पण स्टोअर आहे, हिशेब आहे, मालाची तपासणी आहे. रात्रपाळी टाळा, कारण जागरणानं फिट येऊ शकते. पगार हाती आला की घरात शब्दाला किंमत येते.

दुपारच्या सत्रात रुग्ण बोलतील. तेव्हा डॉक्टरांनी पुढच्या रांगेत बसावं. कुणाला फिट आलीच, तर कुशीवर कसं वळवायचं हे स्वयंसेवकांना शिकवलंय. कांदा, चप्पल कुणी नाकाशी धरणार नाही. गोळीची वेळ झाली की खुर्चीतच पाणी मागा, ते आणून देतील.