उतारवय, पित्तरस आणि कोलेस्टेरॉल
(रावेर येथील शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



केळीचे खत-पाणी सोडून मी आज पित्तावर बोलणार, याचे काहींना नवल वाटेल. पण वावर सांभाळणारा माणूस धड असेल तरच आमच्या शिफारशींचा उपयोग.

आपण 'पित्त झाले' म्हणतो ते बहुधा जठरातील आम्ल असते. पित्तरस वेगळा, तो यकृतात तयार होतो. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते. ती आतड्यात उतरून तेल-तूप पचवतात आणि त्यांपैकी सुमारे ९५ टक्के पुन्हा यकृतात परततात. रोज साधारण अर्धा ग्रॅम शौचावाटे जाते, तेवढी नव्याने करावी लागतात. कोलेस्टेरॉलच्या निचऱ्याची ही मोठी चारी होय.

वयाबरोबर ही चारी मंदावते. पित्ताम्ले कमी तयार होतात. रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल ओढून घेणारी यकृताची यंत्रणाही शिथिल होते. (ही यंत्रणा शोधणाऱ्या ब्राऊन व गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.) म्हणून आहार तोच असूनही एलडीएल वाढते, स्त्रियांमध्ये पाळी गेल्यानंतर विशेष. तिकडे पित्तरसात मात्र कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढते आणि पित्ताशयात खडे धरतात.

केळी पट्ट्यात मुतखड्यावर केळीच्या खांबाचा रस घेतात. तोच रस पित्ताशयाच्या खड्यावर घेणे व्यर्थ आहे. हा खडा लघवीच्या मार्गात नसतोच.

आहाराचे म्हणाल, तर विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्ले धरून बाहेर नेतात. मग यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरून नवी करावी लागतात. त्या दृष्टीने ज्वारी व सालीसकट उडदाची आपली कळण्याची भाकरी उत्तम. मीठ तेवढे बेताने घालावे. केळीतही तंतू आहेत, मात्र मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास किती खावी ते डॉक्टरांना विचारावे. तेलाच्या डब्यावरील 'कोलेस्टेरॉलमुक्त' या शब्दांना भुलून जादा पैसे देऊ नयेत. शेंगदाणा काय, सरकी काय, वनस्पतिजन्य तेलात ते नगण्यच असते. भरितावर तेल किती ओतता, हे पाहावे.

चाळिशीनंतर रक्ताची तपासणी करून घ्यावी. सुरू असलेली गोळी बरे वाटते म्हणून परस्पर बंद करू नये. उजव्या बरगडीखाली तीव्र कळ, थंडीताप किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसल्यास कापणी चालू असली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.