वाळवंट, धाव आणि कान

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



व्यायामावर बोलायला उभा राहिलेला शिक्षक बहुधा "व्यायाम करा" असे सांगून खाली बसतो. मला आज ते सांगायचे नाही, कारण तुम्ही धावताच आहात. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले भल्या पहाटे अंधारात महामार्गाच्या कडेने धावताना आपण सर्वजण पाहतो. आपल्यापैकी कित्येकांचे वडील, चुलते, थोरले भाऊ दुबई, मस्कत, कुवेतला नोकरीस आहेत. तिकडे गेलेली तरुण मुले सुट्टीच्या दिवशी वाळूच्या टेकड्यांवर धावतात आणि फोटो घरी पाठवतात. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी, ती म्हणजे कानातले इअरफोन. "सर, धावणे चांगले, गाणे ऐकणेही चांगले, मग दोन्ही एकत्र केले तर बिघडले कुठे?" असे एका विद्यार्थ्याने मला विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याला एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हे भाषण.

प्रथम संगीताची बाजू मांडतो. गाण्याच्या ठेक्यावर पावले पडू लागली की श्रम कमी वाटतात, हे खरे आहे. इथिओपियाचा थोर धावपटू हैले गेब्रसेलासी याने १९९८ साली बर्मिंगहॅमच्या बंदिस्त मैदानात २००० मीटरचा जागतिक विक्रम केला, तेव्हा तेथे 'स्कॅटमन' हे गाणे लावलेले होते व त्याने आपली पावले त्या ठेक्याशी जुळवली होती. परंतु मी काय म्हणालो, ते नीट ध्यानात घ्या. श्रम कमी "वाटतात". गाण्याने शरीरातील उष्णता अर्ध्या अंशानेही उतरत नाही. उतरते ती उष्णतेची जाणीव. बंदिस्त मैदानात, शेजारी डॉक्टर असताना ही गोष्ट सोयीची आहे. वाळवंटात मात्र ती जाणीव हीच तुमची राखणदार असते.

असे का, ते पाहू. धावताना स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ही उष्णता घाम वाळल्याने निघून जाते. आपल्या कोकणात हवा दमट, त्यामुळे घाम वाळत नाही, सदरा चिंब होतो आणि दमल्याचे लगेच कळते. वाळवंटात उलट घडते. घाम येताक्षणी वाळतो, अंग कोरडे राहते आणि आपल्याला घामच येत नाही असे वाटते. प्रत्यक्षात तासाला लिटरभर पाणी निघून गेलेले असते. सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग दिसले तर समजावे. म्हणून तहान, डोके हलके होणे, छातीची धडधड, अंगावर काटा येणे या बारीक खुणा ऐकाव्या लागतात. कानात ढोल वाजत असताना त्या ऐकू येत नाहीत.

पाणी पिण्यातही तारतम्य हवे. भरमसाट पाणी पिऊनही माणूस आजारी पडतो, कारण रक्तातील मिठाचे प्रमाण घटते. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के लोकांत असे आढळले. तेव्हा तहानेप्रमाणे प्यावे आणि लांब पल्ल्याला मीठही घ्यावे.

मोरोक्कोच्या सहारा वाळवंटात १९८६ पासून 'मॅराथॉन दे साब्ल' नावाची शर्यत होते. अंतर सुमारे २५० किलोमीटर, तेही टप्प्याटप्प्याने, आपले अन्न आपल्या पाठीवर घेऊन. १९९४ साली इटलीचा मॉरो प्रोस्पेरी या शर्यतीत वाळूच्या वादळात सापडला. तो न थांबता पुढे जात राहिला आणि वादळ शमले तेव्हा वाट हरवलेली होती. वाटेत त्याला एका वलीची ओस पडलेली मजार लागली. तिच्या आसऱ्याला राहून त्याने वटवाघळे खाल्ली, स्वतःचे मूत्र प्यायले. पुढे तो सकाळी आणि सायंकाळी चाले व भर दुपारी सावलीत पडून राही. नऊ-दहा दिवसांनी तो सापडला, तो सरहद्दीपलीकडे अल्जीरियात! तो वाचला, ते दुपारी थांबण्याच्या शहाणपणामुळे असे माझे मत आहे. वाट चुकली ती मात्र वादळात न थांबल्यामुळे.

वाळवंट म्हणजे केवळ ऊन, असाही समज नको. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतातील ओसाड डोंगराळ भागात १०० किलोमीटरची शर्यत होती. धावपटू १७२. दुपारी एकाएकी गार वारा, पाऊस आणि गारा सुरू झाल्या. बहुतेकांच्या अंगावर तोकडे कपडे होते. थंडीने २१ जण दगावले, त्यांत देशातले नामांकित धावपटूही होते. एका मेंढपाळाने सहा जणांना गुहेत नेऊन शेकोटीजवळ बसवले व वाचवले. त्या मेंढपाळाजवळ कसलेही यंत्र नव्हते, तो रोज आभाळ पाहणारा माणूस होता एवढेच.

आखातातील आपल्या मुलांना माझे सांगणे आहे की, तिकडच्या कामगार कायद्याकडे पाहा. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबरपर्यंत दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास बंदी आहे. ज्या उन्हात मजुराला थांबवतात, त्या उन्हात हौसेने धावणे म्हणजे काय म्हणावे? नवीन गेलेल्याने पहिले दहा-चौदा दिवस थोडेथोडे धावून शरीर उन्हाला सरावू द्यावे. कोणत्या बाजूने जाणार व केव्हा परतणार, हे खोलीतल्या सोबत्याला सांगून निघावे. वाळूच्या टेकडीपलीकडून येणारी जीप दिसत नाही, तिचा आवाज मात्र आधी येतो. ओमानच्या कोरड्या ओढ्यांत डोंगरावरच्या पावसाचा लोंढा अचानक उतरतो, त्याचीही गाज आधी येते. आणि कोणी गरगरून पडला, असंबद्ध बोलू लागला, तर इस्पितळाची गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

आता घराकडे येऊ. अमेरिकेत २००४ ते २०११ या काळातील, कानाला हेडफोन लावलेल्या पादचाऱ्यांच्या ११६ अपघातांचा अभ्यास झाला. त्यांतील निम्म्याहून अधिक अपघात रेल्वेचे होते, आणि कित्येकांत भोंगा वाजवूनही उपयोग झाला नव्हता. लोकलचे रूळ ओलांडणाऱ्या आपल्या लोकांना याहून अधिक काय सांगावे! बाहेरचा आवाज दाबणारे नवे इअरफोन तर इंजिनाची घरघरच आधी पुसून टाकतात. शिवाय वाऱ्यात व रहदारीत गाणे ऐकू यावे म्हणून आवाज वाढवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास चालतो. तोच ९० वर गेला तर अवघे ४ तास. गेलेली श्रवणशक्ती परत मिळत नाही.

म्हणून गाणे हवे असेल तर ते मैदानावर ऐका, तेही हळू आवाजात व एक कान मोकळा ठेवून. रस्त्यावर, रुळाजवळ, वाळवंटात मुळीच नको. भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी तर आणखी एक कारण आहे. १६०० मीटरच्या चाचणीत कानात गाणे नसते. तिथे स्वतःच्या श्वासावरच वेग ठरवावा लागतो, आणि ज्याने तो कधी ऐकलेलाच नाही, तो पहिल्याच फेरीत धाप लागून मागे पडतो.

पालकांनो, मुलींच्या ८०० मीटरच्या तयारीविषयी आपण विचारता. त्यांना घरी बसवू नका. दोघी-तिघी मिळून, उजाडल्यावर, शाळेच्या मैदानावर पाठवा आणि धावता धावता गप्पा मारू द्या. बोलता येते आहे तोवर वेग बेताचा आहे. वाक्य तुटू लागले की दम वाढला असे समजून त्यांनी वेग कमी करावा. या मापाला यंत्र लागत नाही, आणि सोबत असली की गाण्याची आठवणही फारशी होत नाही.