पायांच्या साथीवांचून

वॉटर पोलोंत तळाला पाय न टेकतां खेळावें लागतें. १९५१ सालीं दिल्लीच्या आशियाई सामन्यांत भारतानें या खेळांत सुवर्णपदक मिळविलें. पण पायांची साथच नसतां पाण्यांत उतरणें याहून कठीण! सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैनिक, मूळचे मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून ते कमरेखालीं अधू झाले. शरीर सावरावें म्हणून पोहूं लागले आणि १९७२ सालीं हायडेलबर्गच्या पॅरालिंपिक सामन्यांत ५० मीटर पोहून सुवर्णपदक घेऊन आले. त्या सामन्यांतील भारताचें तें पहिलें सुवर्ण. पद्मश्री मिळावयास मात्र २०१८ साल उजाडलें! सातारा जिल्ह्यांतील खाशाबा जाधवांचें १९५२ चें कुस्तीपदक मी वर्गांत दरवर्षीं सांगत असें. पेटकरांचें नांव एकदांहि घेतलें नाहीं. मला तें ठाऊकच नव्हतें.